उद्गार मागायचा नसतो

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमची मंडळी दुपारी बारा ते तीन चर्चच्या बाकांवर बसलेली असते. क्रूसावर असताना ख्रिस्त सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर सात जणांनी एकामागून एक बोलायचं, मधे गीत, मधे प्रार्थना, अशी ती तीन तासांची उपासना. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना ती शोकसभा वाटते. शोक असतोच, पण त्याच्या जोडीला मानापमान भरपूर असतो. कोणाला कितवा उद्गार मिळाला यावरून आमच्यात सोयरिकी जुळलेल्या आहेत आणि बोलणंचालणं बंद झालेलं आहे.

हे सगळं नगर-नाशिक-सोलापूरकडून आम्ही कॅनडात आणलं. कपड्यांच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या आणाव्यात तसं. ओकव्हिलच्या थोडं पुढे, तळ्याकाठच्या एका गावात एक दगडी अँग्लिकन चर्च आहे. तिथे रविवारी सकाळी उरलेसुरले गोरे म्हातारे येतात आणि दुपारी आम्ही मराठी. दोघांना मिळून पाळक एकच, आणि तो बिशप नेमून पाठवतात. मी तिथली वॉर्डन. पदाचं नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे चर्चच्या किल्ल्या सांभाळणं, हीटिंगचा फर्नेस बंद पडला की माणूस बोलावणं, पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करणं आणि वॉशरूममधले कागद संपू न देणं. आठवडाभर गो ट्रेनने टोरोंटोला जाऊन बँकेत डोकं खपवायचं आणि शनिवार-रविवारी इथे. नवरा म्हणतो, तुला दोन नोकऱ्या आहेत आणि दुसरीत बॉस फार आहेत.

तर या उद्गारांची आमच्याकडे एक रीत आहे. उद्गार मागायचा नसतो. उपवासकाळ, म्हणजे उत्तम शुक्रवाराआधीचे चाळीसेक दिवस, सुरू झाला की पाळकसाहेब न सांगता घरी येतात. चहा होतो. हवापाणी, मुलांचं शिक्षण, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं बोलून होतं. उत्तम शुक्रवाराचं नावही निघत नाही. मग निघताना, दारात बूट घालता घालता, पाळकसाहेब सहज म्हणतात, "पाचवा तुमच्याकडे हं." आपण म्हणायचं, "मी कसला बोलणार, दुसऱ्या कोणाला द्या." ते म्हणणार, "नाही, तुम्हीच." झालं. स्वतः होऊन मागणं म्हणजे लग्नाला जाऊन मानाचा आहेर मागण्यासारखं. आधीचे पाळक इंग्लंडचे होते, वयस्क होते, आणि त्यांना कोणीतरी ही रीत शिकवून ठेवली होती. ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी चर्चचा सगळा कारभार नव्या माणसाला समजावून दिला, एवढं सोडून.

पाचवा उद्गार माझ्या वडिलांचा, पप्पांचा. पाचवा म्हणजे तहानेचा, 'मला तहान लागली आहे'. दरवर्षी तोच. पप्पा नगरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे हे लाउडस्पीकरवरून सांगण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांचा आवाज असा होता की स्टँडबाहेरच्या रसवंतीतली माणसं ग्लास ठेवून पळत यायची. इथे आल्यावर त्या आवाजाला काम उरलं नाही. वर्षातून एकदा, पाचव्या उद्गाराला, तो बाहेर निघायचा. पप्पा त्याची तयारी नाताळ संपला की सुरू करत.

मग त्यांना कंपवात झाला. हाताचं थरथरणं आम्ही चालवून घेतलं. पण हळूहळू आवाज बसायला लागला, आणि गिळणंही अवघड झालं. साधं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून त्यांना पाण्याची मनाई झाली. एक पावडर मिळते, ती पाण्यात कालवायची की पाणी घट्ट होतं. ते चमच्याने द्यायचं. चहाही तसाच. पप्पा त्याला पाण्याची खीर म्हणतात. दिवसातून कितीदा तरी ते म्हणतात, "घोटभर साधं दे." मी नाही म्हणते आणि भांडी घासायला वळते. हॉस्पिटलमधल्या ज्या बाई त्यांचं बोलणं आणि गिळणं तपासतात, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आवाज आणखी वर्षभर टिकला तर पुष्कळ. पप्पांना ते कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते माहीत होतं. त्या वर्षी त्यांनी नाताळाआधीच तयारीला सुरुवात केली.

आणि त्याच वर्षी बिशपांनी आम्हाला नवे पाळक नेमून दिले.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे मला ते आठवणार नाही. चाळिशीचे, गोरे, तांबूस दाढीचे, सायकलवरून येणारे. पहिल्याच रविवारी म्हणाले, मला नावाने हाक मारा. आमच्यातल्या एकालाही ते जमलं नाही. मग सगळे त्यांना काहीच हाक मारेनात. नुसतं खाकरून लक्ष वेधून घेऊ लागले. दुसऱ्या रविवारी त्यांनी मिशनऱ्यांनी आमच्या पूर्वजांवर केलेल्या अन्यायाबद्दल आमची माफी मागितली. मंडळी बुचकळ्यात पडली. मागच्या बाकावरून पप्पांनी मला विचारलं, "हा कशाबद्दल माफी मागतोय?" मी म्हटलं, पप्पा, गोऱ्यांनी आपल्यावर त्यांचे रीतिरिवाज लादले म्हणून. पप्पा म्हणाले, "लादले असतील. पण आता आपले झालेत ना? आता परत मागायला आलाय काय?"

परतच मागायला आले होते. उपवासकाळ सुरू होण्याआधी एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. डोनट होते, कॉफी होती. पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं की तीन तास बसून सात प्रवचनं ऐकणं ही तुमची परंपरा नाही, ती तुमच्यावर लादलेली आहे. तुम्हाला ते ओझं वाहायला लावायची माझी इच्छा नाही. त्याऐवजी आपण सगळे मिळून क्रूस घेऊन गावातून तासभर चालू या. मग ते म्हणाले, "पण कोणाला जुनी उपासना हवी असेल, तर मोकळेपणाने सांगा. मी ऐकायला बसलोय."

आणि खरंच बसले. त्यांना गप्प राहून ऐकण्याचं शिक्षण मिळालेलं आहे, ते दिसत होतं. हात मांडीवर, चेहऱ्यावर मंद हसू. समोर सारी मंडळी मूग गिळून. डोनटची साखर बोटांवरून पुसणं चालू होतं. मी पप्पांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणजे सोलापूरकडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पहिल्या उद्गाराचे धनी, आणि कोणत्याही मीटिंगमध्ये बोलल्याशिवाय न राहणारे. सर आपल्या बुटांकडे पाहत होते. बराच वेळ गेल्यावर पाळकसाहेब भारावून म्हणाले, "तुम्ही बदलाला इतक्या मोकळ्या मनाने सामोरे गेलात, थँक यू."

पार्किंग लॉटमध्ये मग स्फोट झाला. उणे तापमानात, गाड्यांची इंजिनं चालू ठेवून, मंडळी अर्धा-पाऊण तास तिथे उभी होती.

"हा कोण आपला उत्तम शुक्रवार कॅन्सल करणारा?" सर म्हणाले. "काल आला आणि आज डिसाइड करतो?"

मी म्हटलं, "सर, त्यांनी विचारलं होतं. आत बोलायचं ना."

"आत मी कसं बोलणार? पहिला उद्गार माझा. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला स्टेज पाहिजे."

ज्यांच्याकडे उद्गार होते ते या कारणाने गप्प, आणि ज्यांच्याकडे नव्हते ते, आपल्याला हवा आहे असं दिसेल, म्हणून गप्प. मी कपाळाला हात लावला. मी वॉर्डन, माझे वडील पाचवे, माझं तोंड तर दुहेरी शिवलेलं. एवढ्या सुशिक्षित लोकांच्या जमावात, ज्यात दोन डॉक्टर आणि निम्मे सॉफ्टवेअरवाले होते, सरळ हात वर करून 'आम्हाला हवं आहे' म्हणणारा एकही निघू नये, याचा मला आजही संताप येतो.

मग जे आम्हाला उत्तम जमतं ते सुरू झालं. फोन. सरांनी दोघांना घेऊन बिशपांना भेटून पाळक बदलून मागितला. बिशपांनी ऐकून घेतलं, मान हलवली, कॉफी दिली. पाळक होते तिथेच राहिले. मग ठरलं की त्यांना चालू दे काय चालायचं ते, आपण सरांच्या बेसमेंटमध्ये आपली तीन तासांची उपासना करू. सर पप्पांना सांगायला आले. पाचवा तुमचाच, म्हणाले.

पप्पा म्हणाले, "पाळक कोण?"

"पाळक कशाला? आपण आपले करू."

"मग ते भाषण झालं," पप्पा म्हणाले. आवाज तेव्हाच इतका खाली गेला होता की सर पुढे वाकले. "भाषण मला स्टँडवरही करता आलं असतं. उद्गार पाळकाने द्यायचा असतो. नेमलेला माणूस आहे तो, आवडो न आवडो."

म्हणजे पप्पांना त्या पाळकाचा राग, पण त्याच्याशिवाय चालायचं नाही. बेसमेंट नको, गावातून चालणं शक्य नाही, आणि तोंड उघडून मागायचं तर नाहीच. पप्पांकडे आवाजाचं एक वर्ष शिल्लक होतं आणि घोडं एका रीतीपायी अडलं होतं. मला पप्पा आणि पाळक, दोघांनाही हलवून जागं करावंसं वाटत होतं.

शेवटी मीच पाळकसाहेबांना गाठलं. सगळं सांगितलं: वडिलांचा आजार, त्यांचा पाचवा उद्गार, त्यांना कोणीतरी घरी येऊन बोलावलं पाहिजे. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी फोन करून, वेळ घेऊन ते आले. सोफ्यावर बसले, चहाचा कप हातात घेण्याआधी पप्पांना म्हणाले, "तुमच्या मुलीने मला सांगितलं की तुम्हाला गुड फ्रायडेला बोलायचं आहे."

पप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नंतर ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "नो नो. नथिंग लाइक दॅट. प्लीज हॅव टी."

पाळकसाहेबांना हायसं वाटलं. त्यांनी दोन कप चहा घेतला, थालीपीठ घेतलं, पप्पांचे हात हातात घेऊन प्रार्थना केली आणि गेले. ते गेल्यावर पप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पावडरचं पाणीही नातीच्या हातून घेतलं. तिने मला विचारलं, "मॉम, व्हॉट डिड यू डू?"

त्या उत्तम शुक्रवारी गारठा आणि पाऊस दोन्ही होते. पाळकसाहेब क्रूस घेऊन निघाले. मागे सकाळच्या मंडळीतले चारदोन गोरे, बस. बाकी मराठी मंडळी बेसमेंटमध्ये. मी घरी. पप्पांनी सकाळीच सूट काढायला लावला होता. टाय बांधून, कागद कोटाच्या खिशात ठेवून ते बाराला खुर्चीत बसले. टीव्ही बंद. मी समोर बसले, कारण आणखी काय करणार. मधे एकदा त्यांनी कोटाच्या खिशाला हात लावला तेव्हा मला वाटलं, आता बोलतील, पण नाही. तीन वाजले तशी त्यांनी टाय सैल केला आणि चहा मागितला. मी पावडर कालवून दिला. मला तेव्हा जगातल्या सगळ्या चांगल्या, ऐकून घेणाऱ्या माणसांचा राग आला होता.

बेसमेंटमधली उपासना साडेचार तास चालली. थांबवायला पाळक नव्हता, त्यामुळे प्रत्येकाने मनसोक्त बोलून घेतलं. सातव्या उद्गारापर्यंत निम्मी मंडळी जिन्यावरून गाडीत पोचली होती. पुढच्या वर्षी चर्चमध्येच करू, असं मग सरच म्हणायला लागले. पाळकसाहेबही त्या पावसानंतर नरमले असावेत. त्यांनी मला चर्चच्या किचनमध्ये विचारलं, माझं नक्की कुठे चुकलं?

तोपर्यंत वर्ष सरत आलं होतं आणि पप्पांचा आवाज संपला होता. आता नुसता श्वास आणि त्यात अडकलेले शब्द. कान तोंडाशी नेला तरच कळायचे. मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोन करू नका. वेळ घेऊ नका. मी सांगितलं असं सांगू नका. चहा प्या. गुड फ्रायडेचं नाव काढू नका. निघताना दारात, एक बूट पायात आणि एक हातात असताना, पाचवा तुमचा, एवढंच म्हणा.

त्यांनी विचारलं, "एकच बूट का?"

मी म्हटलं, तसंच असतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. मी म्हटलं, लिहून घेऊ नका.

आले. शनिवारी दुपारी, बेल वाजवून, न सांगता. हवापाणी बोलले. विंटर टायर कधी काढावेत यावर बोलले. पप्पा एकेक शब्दाने उत्तर देत होते, मी मधे बसून ते पोचवत होते. मग ते उठले, दारात गेले, एक बूट घातला, दुसरा हातात घेतला, आणि त्या बुटासकट वळून म्हणाले, "पाचवा तुमच्याकडे."

पप्पा वॉकर धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्यात न दिसलेली जुनी ऐट दिसली. त्यांनी रीतीप्रमाणे श्वास गोळा केला. मी कान लावला आणि भाषांतर केलं: मी कसला बोलणार, दुसऱ्या कोणाला द्या.

पाळकसाहेबांनी मान तुकवली. "अर्थात," ते म्हणाले. "तुमचा निर्णय मला मान्य आहे." आणि खाली बसून दुसरा बूट घालायला लागले.

नकाराचं सांगायचं मी विसरले होते. मी एवढ्या जोरात "आस्क अगेन" म्हटलं की वरून माझी मुलगी काय झालं म्हणून खाली आली. ते गोंधळून उठले. पुन्हा म्हणाले, नाही, तुम्हीच. पप्पांनी होकाराची मान हलवली. पाळकसाहेब गेल्यावर पप्पांनी मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "शिकेल हळूहळू."

त्या उत्तम शुक्रवारी चर्च भरलं होतं. पहिला उद्गार सरांचा, लांबला. पाचव्याला मी पप्पांची चाकांची खुर्ची ढकलत पुढे नेली. माइक लावून पाहिला, पण नुसता वारा ऐकू आला. मग ठरलं होतं तसं मी त्यांच्या तोंडाशी वाकले. ते एक वाक्य म्हणणार, मी ते मंडळीला मोठ्याने सांगणार. कागद त्यांनी खिशातून काढलाच नाही.

त्यांनी सुरुवात नगरच्या स्टँडपासून केली. मे महिना, फलाटाशेजारचा रांजण, ओरडून ओरडून कोरडा पडलेला घसा, ड्रायव्हर लोक ओंजळीने पाणी पितात आणि माइक सोडून कंट्रोलरला जाता येत नाही. मी एकेक वाक्य सांगत होते. लोक ऐकत होते.

मग ते म्हणाले, "क्रूसावर त्याला त्या दिवशी पाण्याऐवजी आंब दिली, आंबलेला द्राक्षारस." मी ते सांगितलं. ते म्हणाले, "मला माझी मुलगी पाण्याची खीर देते."

मी थांबले. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "सांग," म्हणाले.

मी मंडळीला सांगितलं, "मला माझी मुलगी पाण्याची खीर देते." आमच्या उत्तम शुक्रवारी कोणी हसल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी हसले. सरसुद्धा हसले.

"मी रोज साधं पाणी मागतो," पप्पा म्हणाले. "ती रोज नाही म्हणते." मी तेही सांगितलं. स्वतःवरची फिर्याद स्वतःच वाचून दाखवावी तसं ते होतं, आणि मला रागही येत होता. बोलायचं तर घरी बोलायचं, इथे कशाला. पप्पांनी पुन्हा श्वास गोळा केला. या वेळी वेळ लागला.

"नाही म्हणते आणि सिंककडे तोंड करून रडते," ते म्हणाले. "तिला वाटतं, मला दिसत नाही."

माझ्याने ते सांगवेना. मी वाकलेलीच राहिले. मंडळी वाट पाहत होती. पप्पा वाट पाहत होते. आणि कोपऱ्यात बसलेले आमचे पाळकसाहेब, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, त्यांना वाटलं की झालं. ते उठले, आमेन म्हणाले, ऑर्गनवाल्या बाईंना खूण केली आणि गीत सुरू झालं. कोणी गप्प झालं की त्याचा अर्थ त्या माणसाला अजूनही लागत नाही.

खुर्ची मागे नेताना पप्पा म्हणाले, "राहिलं ना?"

मी म्हटलं, "राहिलं."

"नंतर सांग कधीतरी," ते म्हणाले.

घरी पोचल्यावर कोट काढायच्या आधी त्यांनी पाणी मागितलं. घोटभर, साधं. मी नाही म्हटलं आणि त्यांच्यासमोरच बसून राहिले.